नाकावर चालणाऱ्या इमारती

आमच्या दादाच्या तीन इमारती होत्या असं सांगितलं की लोकांना वाटतं, गाडीतून उतरणारा, बोटाबोटांत अंगठ्या घालणारा कुणी शेठ असणार. दादा बसने जायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत छत्री आणि पाण्याची बाटली, आणि पायात चांभाराकडून दोनदा शिवून आणलेल्या चपला. मी म्हणायची, "अरे, निदान भाडेकरूंची तरी लाज राख, त्यांना वाटेल आपलं भाडं जातं कुठे." तर म्हणायचा, "छपराला जातं. चपलांना पुरत नाही."

तरुणपणी तो एका रंगाच्या दुकानात कामाला होता. तिथेच त्याचं नाक तयार झालं. डबा उघडायच्या आधी नुसतं झाकण हुंगून तो सांगायचा, हा माल जुना आहे, ह्या टर्पेंटाइनमध्ये काहीतरी मिसळलंय. पुढे त्याने स्वतःची बचत, मी शाळेच्या पगारातून मागे टाकलेले पैसे आणि दोन मित्रांचे पैसे एकत्र केले आणि एक रिकामी पडलेली इमारत घेतली. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ती सावरली, भाडेकरू आले, मग तिच्या जिवावर दुसरी घेतली आणि दुसरीच्या जिवावर तिसरी. खाली दुकानं, वर कचेऱ्या, दवाखाने, शिकवणीचे वर्ग. प्रत्येक इमारतीला एक मॅनेजर. भाडं गोळा करायचं, गाळा रिकामा झाला तर नवा भाडेकरू बघायचा, लिफ्ट, पाणी, दिवे, सफाई, सगळं त्याने पाहायचं. आणि त्या मॅनेजरकडे दादाने पाहायचं.

"मालकाला काम एकच," दादा म्हणायचा. "मॅनेजरवर लक्ष ठेवायचं, आणि त्या लक्षाचं त्याला ओझं होऊ द्यायचं नाही."

बोलायला सोपं आहे. मी आयुष्यभर वर्गावर लक्ष ठेवलं आणि मुलांना माझं ओझंच झालं, हे मी जाणून आहे.

दादाची पद्धत जगावेगळी होती. दर महिन्याला मॅनेजर अहवाल पाठवायचे. तो पाकीट न फोडता पिशवीत टाकायचा आणि आधी फेरीला जायचा. "कागद आधी वाचला की नाक कागदाचंच ऐकतं," असं त्याचं म्हणणं. फेरी म्हणजे काय, तर मुख्य दारातून आत जायचं, डोळे मिटून क्षणभर उभं राहायचं, लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने हुंगत हुंगत खाली यायचं, थेट तळघरातल्या मीटरच्या खोलीपर्यंत. मागून मॅनेजर, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरांसारखा चेहरा करून.

आणि ते नाक खरंच भयंकर होतं. भिंतीवर डाग दिसायच्या कितीतरी आधी त्याला आतली ओल कळायची. लिफ्टचं ग्रीस तापतंय, रखवालदार गच्चीवर विड्या ओढतो, दातांच्या डॉक्टरांनी फरशी पुसायचं औषध बदललंय, सगळं कळायचं. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या दारात उभा राहून म्हणाला, "इथे काहीतरी मेलंय." वकील भडकले. कपाट सरकवलं तेव्हा त्यांचाच हरवलेला जेवणाचा डबा मागे सापडला. उघडायची कुणाची हिंमत झाली नाही. तसाच्या तसा फेकला.

पण माझ्या मते त्याच्या नाकाची खरी करामत वेगळीच होती. त्याला चांगलंही कळायचं. जिन्यात थांबून म्हणायचा, "कठड्याचं पितळ पुसलंय वाटतं? छान." किंवा, "टाकी धुतली. पाण्याचा वास नवा आहे." बस, एवढंच. पण तेवढ्यावर मॅनेजरचा पुढचा महिना सुखात जायचा. चुका काढणारा मालक कुणालाही मिळतो.

कोपऱ्यावरच्या इमारतीला पूर्वी एक मॅनेजर होता. गोडबोल्या, टाय लावणारा. दादाची फेरी असली की सकाळीच सगळ्या मजल्यांवर अत्तर शिंपडायचा. दादाने दारातच नाक मुरडलं आणि त्याच महिन्यात त्याला रजा दिली. मी म्हटलं, "अत्तरासाठी एखाद्याची नोकरी घालवतोस?" तर म्हणाला, "आज वास लपवतो, उद्या तडा लपवेल. वर माणसं बसलेली असतात गं."

त्याच्या जागी बाई आली. तेव्हा ती अगदी पोरगेली होती, पण दादा पहिल्या दिवसापासून तिला बाईच म्हणाला आणि मग सगळेच म्हणू लागले. तिची मुलाखत मी डोळ्यांनी पाहिली आहे. आलेल्या प्रत्येकाला दादा एकट्यानेच इमारत फिरून यायला सांगायचा आणि परतला की एकच प्रश्न विचारायचा, "मग, काय कळलं?" दादाच्या नाकाची कीर्ती तोवर पसरली होती, त्यामुळे जो तो वासांची यादी घेऊन यायचा. एकाला तर तळमजल्यावर चंदनाचा वास आला होता. ही परत आली ती नाक पुसतच.

"मग, काय कळलं?"

"साहेब, मला सर्दी झालीय. वास काही येत नाही," ती म्हणाली. "पण वरच्या मजल्यावर जिन्याचा कठडा हलतोय. तिथे लहान मुलं शिकवणीला येतात ना?"

दादाने बाकीच्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

तेव्हापासून बाई आणि दादा यांचं जे काही होतं त्याला मी नाव देऊ शकत नाही. मुलगी म्हणावी तर तो तिला कधी तिच्या घरचं विचारायचा नाही. नोकर म्हणावं तर तिच्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही. तो फक्त तिचा जिना हुंगायचा आणि "छान" म्हणायचा. माझ्या नवऱ्याने मला उभ्या संसारात इतक्या वेळा छान म्हटलेलं नाही.

वहिनी गेल्यावर मी, तोवर एकटी उरलेली, दादाकडे राहायला आले. त्याचा मुलगा दूरच्या शहरात असतो, गुणी आहे, फोन करतो. त्याचं एकच पालुपद, "बाबा, आता किती दिवस जिने चढणार? एक मोठी कंपनी आहे, ती इमारती विकत घेते. आत सगळी यंत्रं बसवते, माणसांची गरजच पडत नाही." दादा हसून म्हणायचा, "ज्या दिवशी माझं नाक जाईल त्या दिवशी विकू. शब्द देतो." दादाने आयुष्यात शब्द फार थोडे दिले आणि दिले ते सगळे पाळले. त्यामुळे मुलगा गप्प बसला आणि नाक काही कुठे जात नाही म्हणून दादा निर्धास्त राहिला.

मग तो ताप आला. साधाच होता, त्याला थोडे दिवस अंथरुणात पाडून निघून गेला. एका सकाळी मी अंघोळीला गेले होते, बाहेर आले तर घरभर करपल्याचा वास. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाला काळं झालेलं. आणि दादा शेगडीच्या शेजारी, हात लांब केला तर गॅस बंद करता येईल इतक्या जवळ, पेपर वाचत बसलेला.

"दादा!"

त्याने वर पाहिलं. धूर पाहिला. पातेलं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. त्याने उठून मसाल्याचा डबा उघडला, नाक आत घातलं, बराच वेळ तसाच उभा राहिला. नाकाच्या शेंड्याला हळद लागली होती. एरवी मी हसून हसून लोळले असते.

डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही, वाट पाहा. दादाने मला बजावलं, "कुणाला सांगायचं नाही. मुलाला तर नाहीच." मी सांगितलं नाही. एका माणसाचं सगळं आयुष्य ज्यावर उभं आहे ते त्याच्या हातून काढून घ्यायला मी कोण?

पण फेरीचं काय करायचं? तर मला बरोबर न्यायचं. "बहिणीला घरी करमत नाही," असं सगळ्यांना सांगायचं आणि नाक माझं वापरायचं. माझं नाक साधं, चारचौघांसारखं, पण निदान चालू होतं. आम्ही खुणा ठरवल्या. ओल असेल तर मी खोकायचं. मोरीचा वास असेल तर रुमाल नाकाला लावायचा. काही जळत असेल तर चष्मा काढून पुसायचा. या वयात दोघं भावंडं स्वयंपाकघरात उभी राहून ह्याची तालीम करत होतो. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांचे मी कान उपटलेत, त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

पहिल्या एकदोन फेऱ्या निभावल्या. मग कोपऱ्यावरच्या इमारतीत घोळ झाला. दुसऱ्या मजल्यावर एका शिंपिणीचं दुकान आहे, तिथे कापडाचे बारीक तंतू हवेत उडत असतात. तो एक तंतू माझ्या घशात गेला आणि मला ठसका लागला. थांबेचना. दादा एकदम गंभीर झाला. एवढा खोकला म्हणजे केवढी ओल! त्याने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बाई, ही भिंत आतून पार भिजलीय. उघडायला लागेल."

मी डोळे वटारत होते, हातवारे करत होते, पण ह्या खुणा तालमीत बसवलेल्या नव्हत्या.

बाईने गवंडी बोलावला. त्याने गिलावा फोडला. आत विटा कोरड्या ठणठणीत. गवंडी दादाकडे बघायला लागला, शिंपीण दारात येऊन उभी राहिली. बाईने भिंतीकडे पाहिलं, मग दादाकडे, मग माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे. तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"बरं झालं पाहिलं," ती गवंड्याला म्हणाली. "शंका मिटली. लिंपून घ्या."

पुढच्या फेरीपासून बाई बोलकी झाली. एरवी निकाल लागेपर्यंत मागे गप्प चालणारी बाई आता प्रत्येक वळणावर आधीच म्हणायची, "साहेब, इथे फिनेल जरा जास्त पडलंय, तुम्हाला जाणवलं असेलच." किंवा, "मोरीचं काम उद्या होतंय, आज त्याचा त्रास होईल तुम्हाला." मग दादा मान डोलवायचा, "हो, आलाय वास." आणि शेवटी ती हळूच म्हणायची, "पितळ कालच पुसून घेतलं." तेव्हा दादा म्हणायचा, "छान."

बसमध्ये तो खुशीत असायचा. "बघितलंस? अजून जमतंय मला." मी खिडकीबाहेर बघायची. त्याला कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र त्या पोरीची इतकी माया वाटायची की वाटे, फेरीत जिन्यातच तिचा हात धरावा. पण धरला असता तर सगळं उघड झालं असतं, म्हणून मी माझा रुमालच घट्ट धरून चालायची.

मग ती फेरी आली. आम्ही आत शिरलो तर खाली ही गर्दी. दातांचे डॉक्टर, शिंपीण, वकील, सगळे तळघराच्या दाराशी. मीटरच्या खोलीतल्या एका बोर्डाच्या मागची वायर आतल्या आत तापून कोळसा झाली होती. बाईने, हे मला मागाहून कळलं, सहज हात लावला, बोर्ड गरम लागला, म्हणून वायरमन बोलावला. वायरमन म्हणाला, आणखी थोडे दिवस गेले असते तर पेट घेतला असता. वर शिकवणीला मुलं असतात.

"तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टरांनी बाईला विचारलं.

बाईने आम्हाला दारात पाहिलं. "मला कुठलं कळतंय? साहेबांना मागच्या फेरीतच जळका वास आला होता. त्यांनी सांगितलं म्हणून बोर्ड उघडला."

सगळे दादाकडे वळले. काय नाक आहे, असं नाक पुन्हा होणे नाही, अशी स्तुती सुरू झाली. वकिलांनी तर डब्याची गोष्ट पुन्हा सांगितली. दादाने माझ्याकडे पाहिलं. मागच्या फेरीत मी चष्मा पुसला नव्हता. मला कसलाच वास आला नव्हता, वायर तेव्हा तापत नसेल किंवा माझं नाकच कमी पडलं असेल. मी हळूच नकारार्थी मान हलवली.

दादा वळला आणि जिना चढायला लागला. मी मागोमाग. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, शिंपिणीच्या दुकानाच्या थोडं खाली, तो पायरीवर बसला. नव्याने लिंपलेल्या भिंतीचा पट्टा समोरच होता.

"ती खोटं बोलली," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी बोलली रे."

"म्हणूनच तर. आयुष्यात कधी लपवाछपवी केली नाही तिने. त्या अत्तरवाल्याला मी हाकलून दिलं आणि आज ह्या पोरीला मीच अत्तर शिंपडायला लावलं." त्याने पिशवी मांडीवर ओढली. "मागच्या वेळी त्या खोलीत उभा राहून मी 'छान' म्हणालो होतो. वर पोरं पाढे म्हणत होती. तो आवाज जिन्यातून ऐकू येत होता मला आणि मी छान म्हणालो."

मी त्याच्या शेजारी बसले. भांडायची सवय असलेल्या माझ्यासारखीला धीर देता येत नाही. मी आपली त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्याची पाठ इतकी लहान कधी झाली होती?

"विकून टाकू," तो म्हणाला. "शब्द दिलाय मी."

"आणि बाई?"

"कंपनीला माणसं लागत नाहीत म्हणे."

 लोक वर गेले, खाली गेले, आम्हाला वळसा घालून. शिंपिणीचं दार उघडलं, मिटलं. फेरीत दादा कधी बसत नसे. स्वतःच्या जिन्यात तो पहिल्यांदाच असा बसला असेल. बऱ्याच वेळाने तो गुडघ्यावर हात रेटून उठला आणि म्हणाला, "चल, आधी तिला सांगू. मुलाला नंतर."

बाईची खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या बाजूला. ती वायरमनचं बिल बघत होती. आम्हाला पाहून उठली. दादा बसला नाही. मुलाखतीला आलेल्या माणसासारखा टेबलाच्या अलीकडे उभा राहिला, पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरून.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

बाईने पेन खाली ठेवलं.

"ताप आला तेव्हापासून. तुला ते ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण मी सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. आणि मी शब्द दिलेला आहे, की नाक गेलं की..."  इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा अगं-तुगं केलं होतं. तिघांच्याही ते लक्षात आलं.

बाईचे डोळे भरून आले होते. ती धीराचं काही बोलेल, समजूत काढेल, असं मला वाटलं. तिने तसलं काही केलं नाही. ती सावकाश खुर्चीत बसली, ताठ बसली, दादा बसायचा तशी, आणि म्हणाली,

"मग, काय कळलं?"

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मला हुंदका आला, तो मी रुमालात दाबला.

"आं?"

"फिरून आलात ना इमारतीत? वास येत नाही, ते ऐकलं मी. मलाही येत नव्हता. मग काय कळलं?"

दादाने पिशवी खांद्याला लावली. मान खाली घातली. लिफ्ट एकदा वर जाऊन खाली आली.

"शिंपिणीचं दार," तो हळू आवाजात म्हणाला. "उघडताना खाली घासतंय. बिजागरी सैल झाली असणार. तिला ते खांद्याने ढकलावं लागतं, हातात कपडे असतात तिच्या." मग जरा थांबून, "आणि दुसऱ्या मजल्यावरून उतरताना लोक त्या वळणावर भिंतीला हात टेकतात. सगळेच टेकतात. तिथे उजेड कमी आहे. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, मी तिथे डोळे मिटून उभा राहायचो."

बाईने दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मग टेबलाचा खण उघडून बॅटरी काढली आणि उठली.

"चला, बघून घेऊ," ती म्हणाली. "आणि साहेब, यापुढे मीही जे आहे ते सांगणार. बोर्ड मीच हात लावून पाहिला होता."

"कळलं होतं मला," दादा म्हणाला. "छान केलंस."

दारातून बाहेर पडताना तो मला म्हणाला, "संध्याकाळी मुलाला फोन लावून दे. नाक गेलंय ते सांगतो. आणि दिलेला शब्द परत मागतो. बाप आहे म्हटल्यावर एवढं चालेल ना?" मी म्हटलं, "नाही चाललं तर फोन माझ्याकडे दे." माझे पैसेही त्या विटांत आहेत आणि भाच्याचे कान अजून माझ्या हाताच्या टप्प्यात आहेत.

ती दोघं पुढे जिना चढायला लागली. बाई बॅटरीचा उजेड पायऱ्यांवर टाकत होती, दादा कठड्याला धरून, डोळे उघडे ठेवून, भिंती बघत चालला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो मेला कापडाचा तंतू पुन्हा माझ्या घशात गेला आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

त्या दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.